पुलापलीकडची परमिट रूम

मराठीत बंद पडलेल्या जागांविषयी लिहिण्याची एक चांगली, थोडी हळवी परंपरा आहे. पाडलेले वाडे, इराण्यांची हॉटेले, एकपडदा चित्रपटगृहे, वाचनालये – यांपैकी प्रत्येकावर कोणी ना कोणी गहिवरून लिहिलेले आपण वाचलेले असते. मुंबईच्या जहांगीर कलादालनातील ‘समोवार’ हे उपाहारगृह २०१५ च्या मार्चअखेर बंद झाले, तेव्हा चित्रकार, कवी, पत्रकार सगळेच हळहळले. दारू पिण्याच्या जागेला मात्र या यादीत प्रवेश नाही. ती बंद झाली तर ‘बरे झाले’ म्हणावे, नाहीतर गप्प बसावे, असा संकेत आहे. तो संकेत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. त्यामागे पुष्कळ घरांचे रडणे आहे. पण ज्या खोलीत वीस वर्षे दर आठवड्याची एक संध्याकाळ गेली, तिच्याविषयी अवाक्षर न काढणे हेही फारसे प्रामाणिकपणाचे नव्हे.

इंग्रजीत अशा जागेवर प्रेमाने लिहिण्याची सोय आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये ‘द मून अंडर वॉटर’ नावाचा एक छोटा निबंध लिहिला. आपल्या आवडत्या पबचे तो त्यात बारकाईने वर्णन करतो. एकमेकांचे बोलणे ऐकू येईल इतपत शांतता, गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखणाऱ्या वाढपी बाया, मागच्या बाजूची बाग. आणि शेवटाकडे सांगून टाकतो की असा पब कुठेही नाही. आपल्याकडे दारूच्या बैठकीचे सर्वांत गाजलेले चित्र गडकऱ्यांनी काढले. ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत गडकरी आमच्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, सावनेरला, वारले होते. त्या नाटकातले तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ पोट धरून हसवते, पण त्या हसण्यामागे सिंधूचे जाते फिरत असते. मद्यपींच्या कोणत्याही टोळक्याकडे पाहताना मराठी वाचकाला ती घरघर ऐकू येतेच. मलाही येते. पुढचे सारे त्या आवाजासकट वाचावे.

आधी शब्दांचे पाहू. ‘गुत्ता’ म्हणजे मुळात मक्ता. मराठवाड्यात आजही ठेकेदाराला गुत्तेदारच म्हणतात. दारू विकण्याचा हक्क सरकार मक्त्याने देई, म्हणून मक्त्याचा शब्द दुकानाला चिकटला आणि त्याला दारूचा वास लागला तो कायमचाच. ‘परमिट रूम’ची कथा याहून गमतीची आहे. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. आमचा भंडारा जिल्हा तेव्हा त्या राज्यात नव्हता. त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि मुंबईचा कायदाही आपल्या शब्दसंपत्तीसह यथावकाश इकडे आला. बंदी पुढे सैल होत गेली, १९७३ साली देशी दारूच्या विक्रीचे नियमही झाले; पण कायदा तोच राहिला, आणि पिणाऱ्याजवळ परवाना हवा ही अटही राहिली. हा परवाना ‘आरोग्य राखण्यासाठी’ दिला जातो, अशी त्याची भाषा आहे. महाराष्ट्रातला प्रत्येक पिणारा कायद्याच्या दृष्टीने प्रकृती सांभाळणारा मनुष्य आहे, आणि परमिट रूम ही त्याच्या पथ्यपाण्याची खोली! आमच्यापैकी एकाच्याही खिशात असा परवाना मी कधी पाहिला नाही.

आमची परमिट रूम वैनगंगेच्या पलीकडे होती. नागपूरहून येणारा महामार्ग तेव्हा भंडारा शहरातून जाई, पुलावरून नदी ओलांडी, कारध्याकडे उतरे आणि लाखनी, साकोली करीत रायपूरच्या दिशेने निघून जाई. तेव्हा त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा म्हणत. २०१० च्या फेररचनेत तो त्रेपन्न झाला, तरी जुनी माणसे अजून ‘एनएच सिक्स’च म्हणतात. या रस्त्याच्या कडेला, नगरपरिषदेची हद्द मागे टाकून, ग्रामपंचायतीच्या हद्दीत ही खोली होती. तिच्या दारावर नाव रंगवलेले होते, पण ते कोणी घेत नसे. “आज पुलापलीकडे?” एवढे विचारले की पुरे होई.

खोली म्हणण्यासारखीच ती होती. सनमायका लावलेली सहा टेबले, त्यांच्या कडांचे पापुद्रे सुटलेले. काउंटरमागे अबकारी खात्याचा परवाना चौकटीत, त्याच्या शेजारी लक्ष्मी, आणि दोघींपुढे एकच उदबत्ती. पंखा उन्हाळ्यात गरम हवा फिरवी. खायला उकडलेली अंडी, खारे शेंगदाणे, कांदा-लिंबू घातलेले चणे. आणि तलावांतून झिंगे आले असतील त्या दिवशी तिखट परतलेले झिंगे. तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याची ख्याती सरकारी पुस्तिकांतून वाचायला मिळते, पण ती खरी पटली ती या झिंग्यांच्या बशीवर. डाव्या हाताला प्लायवूडचा आडोसा करून एक कोनाडा केला होता आणि त्यावर ‘फॅमिली रूम’ अशी पाटी होती. महामार्गावरच्या प्रत्येक बारला अशी पाटी असते. आमच्या फॅमिली रूममध्ये बिअरच्या रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचलेले असत.

मालकाला सगळे ‘भाऊ’ म्हणत. विदर्भात हे संबोधन कोणालाही लागू पडते, पण इथे ते नावच झाले होते. भाऊंनी पूर्वी ट्रक चालवला होता; स्वतः थेंबभरही घेत नसत. त्यांच्याजवळ दोन हिशेब असत. एक उधारीचा, वहीत लिहिलेला. दुसरा कुठेही न लिहिलेला, आणि तो प्रत्येकाच्या मर्यादेचा होता. कोणाला दोन चालतात, कोणाला तिसरी दिली की तो रडू लागतो, कोणाचा पगार झालेला नाही, कोणाच्या घरी पोरगी तापाने पडली आहे, हे त्यांना ठाऊक असे. मर्यादा आली की ते टेबलाशी येऊन हळूच म्हणत, “झालं जी आजचं. आता घरी जाजा.” यावर वाद घालणारा मी क्वचितच पाहिला. आपल्याला पुरे झाले हे बायकोने, आईने सांगितले तर ज्याचा अपमान होई, तो माणूस भाऊंचे निमूटपणे ऐके. असे का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. घरचे सांगणे म्हणजे आरोप, आणि भाऊंचे सांगणे म्हणजे दुकानाचा नियम, एवढाच फरक असावा. नियमापुढे पुरुषाला वाकता येते.

आमच्या टेबलाची संगत कोणी जमवलेली नव्हती. ती जागेनेच जमवली. एक काकाजी होते, पितळेची भांडी घडवणारे. भंडारा एकेकाळी पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि स्टीलने तो धंदा मोडीत काढला तरी काकाजींचा हात चालत होता. जन्मभर ठोक्यांच्या आवाजात बसल्यामुळे त्यांना कमी ऐकू येई. ते मोठ्याने बोलत आणि आपण कुजबुजतो आहोत असे त्यांना वाटे. त्यांची गुपिते सगळ्या खोलीला ठाऊक असत आणि ती कोणी बाहेर नेत नसे. एक गणिताचे सर होते. एक जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतले कामगार, ते कारखान्याविषयी एक अक्षर बोलत नसत आणि क्रिकेटविषयी थांबत नसत. राइस मिलचे एक मुनीमजी. आणि एक वयोवृद्ध गृहस्थ, जे फक्त सोडा घेत आणि फक्त एकोणीसशे चौपन्नविषयी बोलत.

त्या साली भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उभे होते. ते हरले. दोन जागांच्या त्या मतदारसंघातून अशोक मेहता निवडून आले. हे गृहस्थ तेव्हा विशीचे होते आणि प्रचारसभांना पायी गेले होते. बाबासाहेबांना हरवणारे गाव म्हणून आपल्या गावाचा त्यांना राग होता आणि बाबासाहेब जिथे उभे राहिले ते गाव म्हणून अभिमानही होता. हे दोन्ही भाव ते एकाच वाक्यात बोलत. मुनीमजी दुसऱ्या बाजूच्या घराण्यातले. वाद होई, आवाज चढे, काकाजी मध्येच ‘काय म्हणाले?’ म्हणून विचारत आणि सगळे पहिल्यापासून सांगावे लागे. त्यातच वादाचा जोर निघून जाई.

या टेबलावरचे पेले एकाच बादलीत विसळले जात. आज हे वाक्य साधे वाटेल. पण त्याच तालुक्यात, त्याच वर्षांत, चहासाठी कोणाला काचेचा पेला आणि कोणाला वेगळा ठेवलेला कप मिळतो हे पाहिलेल्या माणसाला ते साधे वाटणार नाही. मुनीमजींच्या घरी त्या वृद्ध गृहस्थांना पाणी कसे मिळाले असते हे मी सांगू शकत नाही. ते तिथे कधी गेले नाहीत. भाऊंच्या खोलीत दोघे एका बशीतले चणे खात. जात तिथे मेली नव्हती, ती दाराबाहेर चपलांजवळ थांबली होती आणि जाताना ज्याची त्याने उचलली, हे खरे आहे. तरी दीड-दोन तास ती बाहेर थांबे, आणि असे घडणारी दुसरी खोली मला या गावात दाखवता येत नाही. देवळात नाही, लग्नमंडपात नाही, वाचनालयातही नाही.

शिवाय ती खोली म्हणजे बातमीचे ठिकाण होते. मोबाइल येण्यापूर्वी पावसाळ्यात वैनगंगेला किती पाणी आहे, साकोलीकडचा कोणता नाला रस्त्यावर आला आहे, हे आकाशवाणीच्या आधी ट्रकवाल्यांकडून इथे कळे. भाऊ जुन्या ओळखीने प्रत्येक ड्रायव्हरला विचारत आणि फळकुटावर खडूने लिहीत. ज्यांना दारूशी काही कर्तव्य नव्हते अशी माणसेही ते फळकुट वाचायला सायकलवरून येत. फळकुट वाचून, आत न डोकावता परत जात.

भंडाऱ्यात दारू परमिट रूमने आणली असे मात्र कोणी समजू नये. इथल्या रानात मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे, मोहाची फुले टपटपून झाडाखाली सडा पडतो. उजाडायच्या आत बायका-पोरे टोपल्या घेऊन वेचायला जातात, फुले अंगणात वाळतात आणि सगळ्या गावाला तो गोड, आंबूस वास व्यापून राहतो. फुले खातात, विकतात, गुरांना घालतात आणि गाळतातही. जन्म, लग्न, मरण यांपैकी कशालाही ज्यांच्याकडे मोहाची धार लागते अशी माणसे इथे शतकानुशतके राहत आली आहेत. सरकारांनी या फुलावर नाना तऱ्हेचे निर्बंध घातले. २०२१ साली महाराष्ट्राने फुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. पण मोहाचे पिणे हे घरचे आणि सणाचे पिणे होते. त्यात बायकांचाही वाटा असे. परमिट रूमने पिण्याला घरातून आणि सणातून बाहेर काढले, त्याला वेळ, बिल आणि ट्यूबलाइट दिली, आणि ते करताना बायकांना मात्र वगळले. हा बदल मला तिथे बसलेला असताना कधी जाणवला नाही. जागा गेल्यावर तिच्याविषयी विचार करू लागलो तेव्हा जाणवला.

आता त्या रिकाम्या खुर्चीविषयी लिहायला हवे. २००९ च्या हिवाळ्यात गणिताचे सर रात्री साडेनवाला तिथून निघाले. त्यांची मर्यादा दोनची होती आणि त्यांनी दोनच घेतल्या होत्या. पुलाच्या अलीकडे, एका उभ्या ट्रकच्या मागच्या बाजूला त्यांची दुचाकी धडकली. ट्रकच्या मागे दिवा नव्हता, धुके होते, रस्त्याचे काम चालू होते. ही सर्व कारणे खरी आहेत आणि ती पंचनाम्यातही आली. त्यांनी दोन घेतल्या होत्या हेही खरे आहे. भाऊंच्या न लिहिलेल्या हिशेबात कोण किती पितो हे होते, कोण कशावर बसून घरी जातो हे नव्हते. त्यानंतर महिनाभर भाऊ काउंटरवर दुचाकींच्या किल्ल्या मागून घेत आणि त्यांच्या पुतण्याच्या ऑटोने लोकांना पुलापार पोचवीत. मग तेही हळूहळू सुटले. सरांची खुर्ची पुष्कळ दिवस कोणी ओढली नाही. पुढे एका नव्या गिऱ्हाइकाने, काही ठाऊक नसल्यामुळे, ओढली. आणि त्याला कोणी अडवले नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे जो प्रश्न गेला तो अशाच सरांचा होता. १५ डिसेंबर २०१६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री नको. असलेले परवाने ३१ मार्च २०१७ पर्यंतच चालतील. हा नियम केवळ दुकानांना की बारनाही, यावर काही महिने काथ्याकूट झाला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी न्यायालयाने स्पष्ट केले की बारनाही. वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या हद्दीत अंतर दोनशेवीस मीटर केले गेले. भाऊंची खोली रस्त्यापासून तीस पावलांवर होती. पाचशे काय आणि दोनशेवीस काय!

त्या दिवसांत देशभर फिती बाहेर निघाल्या. केरळात उत्तर परवूरच्या एका बारने आपल्या आवारात भिंतींचा भूलभुलैया उभा केला, म्हणजे दारापर्यंतची चाल नियमात बसेल इतकी लांब व्हावी. काही ठिकाणी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच बदलून टाकण्यात आला. भाऊंना आम्ही केरळची बातमी वाचून दाखवली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “एवढं चालत आला तर माणूस शुद्धीवरच येईल ना जी.” १ एप्रिल २०१७ पासून खोली बंद झाली. त्याच जुलैत न्यायालयाने सांगितले की नगरपालिकांच्या हद्दीतील परवान्यांना ही बंदी लागू नाही. पुलाच्या अलीकडचे बार उघडले. आमचा पुलापलीकडे, ग्रामपंचायतीत. २०१८ च्या फेब्रुवारीत ग्रामपंचायतींच्या बाबतीतही निर्णय राज्यांवर सोपवला गेला, पण तोवर भाऊंनी सामान विकले होते आणि खोली टायरवाल्याला भाड्याने दिली होती. परवान्याची चौकट त्यांनी घरी नेली. लक्ष्मी टायरवाल्याने ठेवून घेतली.

मग पिणारे कुठे गेले? सरळ उत्तर असे की ते कुठेच गेले नाहीत, फक्त दिसेनासे झाले. आयुध निर्माणीतले गृहस्थ निवृत्त होऊन गावी गेले, मुनीमजींनी सोडली. ते खरोखर सोडू शकले आणि त्याचे श्रेय ते बारबंदीला देतात. ते श्रेय मी काढून घेणार नाही. चौपन्नवाले गृहस्थ २०१८ साली गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला मुनीमजी आले होते, आणि घरातल्यांना ते कोण हे सांगताना अडखळले. काकाजी दुकानातून क्वार्टर आणून घरी पिऊ लागले. एकदा काकूंना भेटलो तेव्हा त्या म्हणाल्या, “तिथं बसत होते तोवर मले टाइम माहीत होता. साडेनऊ वाजले का पोराले सायकलवर धाडत होती. आता टाइमच नाही.” घरात कोणी ‘झालं जी आजचं’ म्हणणारे नव्हते. म्हणणाऱ्याचे ऐकून घेतले गेले नसते.

हेच वाक्य मी बंदीच्या विरोधात पुरावा म्हणून वापरू शकलो असतो, आणि काही दिवस वापरलेही. दारू बंद केली की ती अंधारात जाते, हे आमच्या भोवतालच्या जिल्ह्यांवरून बोट दाखवून सांगणे सोपे आहे. वर्धा सत्तरच्या दशकापासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपूर २०१५ च्या एप्रिलमध्ये कोरडा झाला आणि २०२१ साली ती बंदी उठली. लाखांदूरकडून वडसा फार लांब नाही. कोरड्या जिल्ह्याची तहान कोणत्या वाटांनी भागते हे सीमेवरच्या गावांना विचारावे. पण या युक्तिवादात एक सोयीस्कर गोष्ट दडलेली असते. गडचिरोलीची बंदी वरून कोणी लादली नाही, तिच्यामागे वर्षानुवर्षांचे लोकांचे आंदोलन होते आणि त्यात बायका पुढे होत्या. २००८ पासून महाराष्ट्रात गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घेता येते, आणि निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’ पसंत केली तर दुकान बंद होते. ज्या बायका रांगेत उभ्या राहून बाटली आडवी करतात त्यांना अंधारात काय होते हे आमच्याहून जास्त ठाऊक असते. तरीही त्या करतात.

सरांच्या पत्नींची मी एकदा, खोली बंद झाल्यानंतर, भेट घेतली. बोलता बोलता पुलापलीकडचा विषय निघाला. त्या म्हणाल्या, “तुम्हा लोकांना वाईट वाटत असेल, मी समजू शकते. पण मला विचाराल तर ती जागा आठ वर्षं उशिरा बंद झाली.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. यावर देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आजही नाही. काकूंचे वाक्य आणि वहिनींचे वाक्य ही दोन्ही एकाच खोलीविषयी आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एकीला खोली उघडी असताना नवऱ्याची वेळ ठाऊक होती. दुसरीच्या नवऱ्याची वेळ त्या खोलीने ठरवली. न्यायालयाला मीटर मोजणे भाग होते, त्याने मोजले. सरांसारखा एखादा माणूस त्या मोजणीने वाचला असेल तर माझ्या वीस वर्षांच्या संध्याकाळी त्याच्यावरून ओवाळून टाकाव्यात, यात मला शंका नाही.

तरी आठवण येते. ती दारूची नसते, कारण दारू सर्वत्र मिळते आणि मला तिची फारशी गरजही उरलेली नाही. आठवते ते असे, की काही कारण नसताना, काही काम नसताना, आपल्या जातीच्या, खात्याच्या, पक्षाच्या बाहेरच्या माणसाशेजारी बसता येई; की आपली मर्यादा जाणणारा एक त्रयस्थ मनुष्य तिथे होता; की पुराची बातमी कोणीतरी फळकुटावर लिहून ठेवी. यांपैकी कशालाही दारू लागत नाही. हे सगळे चहावरही जमले असते, वाचनालयाच्या बाकावरही. पण ते तिथे जमले नाही, इथे जमले. आणि खोली गेल्यावर गावाने तशी दुसरी खोली काढली नाही. महामार्ग चौपदरी झाला, त्याच्या कडेला मंगल कार्यालये आली, मोटारींची शोरूम आली. बसायची जागा आली नाही.

ऑर्वेलच्या त्या काल्पनिक पबमध्ये त्याला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट दारू नव्हती, मागची बाग होती. बाग असल्यामुळे बायका-मुलेही येऊ शकतात, आणि बाप एकटाच बाहेर व आई घरी मूल सांभाळत असे होत नाही, असे त्याचे म्हणणे. हे वाचताना मला प्लायवूडच्या आडोशावरची ती पाटी आठवली. वीस वर्षांत त्या कोनाड्यात एकदाही कोणाचे कुटुंब बसलेले मी पाहिले नाही. बसावे असे कोणी म्हटल्याचेही आठवत नाही. काकूंना तिथे पोराला धाडता येई, स्वतः येता येत नसे. पुराचे फळकुट बायका दारातून वाचून जात. ज्या खोलीविषयी मी इतक्या मायेने लिहितो आहे तिच्यात गावातल्या अर्ध्या माणसांसाठी एकच जागा राखून ठेवली होती, आणि तिथे आम्ही रिकाम्या बाटल्या ठेवत होतो.